उतारशाळेचा मालक

आजचा शास्त्रपाठ : लूक २:१-७

यंदा मी कोलकात्यात आहे. नोकरीसाठी ऑगस्टमध्ये इथे आले, रजा मिळाली नाही, त्यामुळे नगरबाहेरचा हा माझा पहिलाच नाताळ.

इथे याला बोरोदिन म्हणतात, म्हणजे मोठा दिवस. आणि तो सगळ्या शहराचा असतो. पार्क स्ट्रीटवर दिव्यांच्या माळा, खाली मुंगीला शिरायला जागा नाही. न्यू मार्केटमध्ये नाहूमच्या दुकानापुढे केकसाठी ही लांब रांग. १९०२ मध्ये सुरू झालेली ही बेकरी ज्यू कुटुंबाची. रांगेत ख्रिस्ती किती होते देव जाणे! मला गंमत वाटली, आणि खरं सांगू का, थोडा रागही आला. आमच्याकडे नाताळ म्हणजे आईच्या करंज्या, रात्री पेटी-तबला घेऊन घरोघर म्हटलेली टिळकांची भजनं. इथे नुसते सेल्फी. ज्याचा वाढदिवस त्याची आठवण कुणाला?

२४ तारखेला रात्री सेंट पॉल्स कॅथीड्रलला गेले. १८४७ चं, उंचच उंच मंदिर. रांगेतून आत पोचेपर्यंत सगळे बाक भरलेले. मी भिंतीला टेकून मनात हिशेब मांडत होते, यातले प्रार्थनेला आलेले कोण आणि बघायला आलेले कोण. तेवढ्यात एका काकूंनी माझ्याकडे पाहिलं. कपाळाला मोठं कुंकू, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, मांडीवर सांताची टोपी घातलेला नातू. त्या सरकल्या, नातवाला आणखी जवळ ओढलं आणि बाकावर थोपटत म्हणाल्या, "बोशो, बोशो."

मी बसले. आणि मला गेल्या वर्षीची मी आठवले.

गेल्या नाताळात घरच्या मंडळीत मी दारावर स्वयंसेवक होते. नर्सिंग शिकणाऱ्या चार मुली आल्या, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातल्या. मराठी येत नव्हतं. मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी हसून, अगदी गोड आवाजात सांगितलं, "हे बाक आमच्या मंडळीतल्यांसाठी राखीव आहेत, तुम्ही बाहेर मांडवात बसा ना." त्या उठल्या. उपासना संपल्यावर पाहिलं तर मांडवात नव्हत्या. कधी गेल्या, कळलंच नाही. तेव्हा मला काही वाटलंही नव्हतं, आमचे ज्येष्ठ लोक बसले यातच समाधान होतं.

आता आजचा पाठ परत वाचा. लहानपणी नाताळाच्या नाटकात आपण सगळ्यांनी तो उतारशाळेचा मालक पाहिलाय, दार उघडून "जागा नाही!" म्हणणारा. लूकमध्ये तो माणूस नाहीच. फक्त जागा नव्हती एवढंच लिहिलंय. शिवाय तिथला मूळ ग्रीक शब्द 'कातालुमा'. लूक २२:११ मध्ये शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी तोच शब्द येतो. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतली उतारशाळा मात्र वेगळ्या शब्दाने येते. म्हणून काही अभ्यासकांना वाटतं की ही घरातलीच पाहुण्यांची खोली असावी. आणि योसेफ बेथलेहेमला का गेला होता? ते त्याच्या घराण्याचं गाव, दाविदाचं. म्हणजे जागा नाकारली असेलच, तर कुणा धंदेवाल्याने नाही, आपल्याच भाऊबंदांनी. घर भरलं असेल, आजी-आजोबा आधी आले असतील. कुणी वाईट वागलं असंही नसेल. सगळे माझ्यासारखेच गोड बोलले असतील.

हेच मला टोचतंय. दुष्टपणा कबूल करणं सोपं, व्यवस्थेचं काय करायचं?

काकू धन्यवादाच्या गीताआधीच नातवाला घेऊन निघून गेल्या. त्यांना गोष्ट किती ठाऊक होती, मला माहीत नाही.

आज सकाळी सातला दादाला फोन केला. यंदा दारावर तो. म्हटलं, "मागच्या बाकांवरच्या राखीवच्या चिठ्ठ्या काढून टाक ना."

तो म्हणाला, "काढतो. पण मग पन्नास वर्षं त्याच बाकावर बसणाऱ्या आजी कुठे बसणार, ते तू सांग."

मला सांगता आलं नाही. मागे पेटीचा सूर लावत होते कुणीतरी. तो म्हणाला, "बरं, बघतो," आणि फोन ठेवला.