कर्करोग आणि कर्मभोग

कर्करोग म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाचं फळ, असं आजही रुग्णाच्या उशाशी बसून बोललं जातं. दुःखाला कारण हवं असतं, हे मी समजू शकतो. पण हे कारण खोटं आहे आणि क्रूरही. गाठीत काय चालतं ते पाहावं. तिथे नियामक टी पेशी जमतात आणि चालून आलेल्या रोगप्रतिकारक पेशींना थोपवून धरतात. ज्या शोधांना 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच पेशींचे. फॉक्सपी-3 हे जनुक बिघडून त्या नीट घडल्या नाहीत, तर तान्ह्या मुलाचं शरीर स्वतःच्याच आतड्यांवर, त्वचेवर तुटून पडतं. ज्या संयमावर आपण जगतो, त्याच्याच आडोशाने गाठ वाढते.

या पेशींचा लगाम ज्यांच्या हाती असतो, त्यांत प्रथिनं न घडवणारे आरएनए येतात. मायक्रोआरएनए-155 हा त्यातला एक, जेमतेम 22-23 अक्षरांचा. नियामक पेशीत तो एसओसीएस-1 हे प्रथिन दाबतो. हे प्रथिन आयएल-2 या वाढीच्या संकेताला अडवत असतं; तो अडसर कमी झाला की पेशी टिकतात, वाढतात. मग हा रेणू गाठीचा साथीदार म्हणायचा का? तर तेही नाही, कारण गाठ मारायला निघालेल्या सीडी-8 टी पेशींनाही तोच लागतो. उंदरांत तो काढून टाकला की या पेशींचा मारा लंगडा पडतो. पेशी कोणती यावर फळ ठरतं. पाप-पुण्याची नोंद शिरावी अशी फट या साखळीत मला कुठेच दिसत नाही.

कर्मवादी म्हणेल, ही यंत्रणा केवळ साधन. कर्म तिच्यातूनच फळतं. पण मग रुग्ण वाचला तरी कर्म आणि गेला तरी कर्म. काहीही घडलं तरी लागू पडणाऱ्या उत्तराने काहीच उलगडत नाही. याहून वजनदार आक्षेप तंबाखूचा: करावं तसं भरावं, हे तिथे खरं नाही का? कार्यकारण खरंच आहे. मात्र डीएनए बिघडवताना तंबाखू खाणारा दानशूर की लबाड हे पाहत नाही, आणि रक्ताचा कर्करोग झालेल्या तीन वर्षांच्या पोराने तर काहीच केलेलं नसतं. उरतो दिलासा. स्वतःपुरतं कर्म मानून कुणाला सोसायचं बळ मिळत असेल, तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण त्या पोराच्या आईला ते ऐकवू नये. पोटुशी असताना आपलं काय चुकलं, हे ती आधीच रात्र रात्र आठवत असते.