स्वतःच्या बळावर कोण उभा आहे?

“आम्ही कोणाचे उपकार घेतले नाहीत,” हे वाक्य खेडोपाडी मोठ्या अभिमानाने उच्चारिले जाते. आणि ज्यास दुसऱ्याचे साह्य घ्यावे लागले तो मान खाली घालितो. हा अभिमान व ही लाज योग्य आहेत काय? समुद्रातील दोन जीवांकडे पाहून आपण ह्या प्रश्नाचा विचार करू. एक हिरवे कासव, व दुसरे उल्वा नावाचे हिरवे शेवाळ.

कासवाइतका स्वावलंबी प्राणी क्वचितच आढळेल असे वाटते. मादी वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालिते, ती झाकून समुद्रात निघून जाते, व पुन्हा त्यांकडे फिरकत नाही. सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. त्यांस वाट दाखविणारे कोणी नसते. तथापि आर्ची कार व हॅरोल्ड हर्थ ह्या शास्त्रज्ञांनी १९६१ साली असे दाखविले की, एकेकटे पुरलेल्या अंड्यांतील बहुतेक पिले वर येऊ शकत नाहीत. पुष्कळ पिले एकत्र असली म्हणजे वरची वाळू पाडितात, खालची ती तुडवितात, आणि सर्वांच्या पायांखालचा तळ हळूहळू वर चढतो. एक थकून थांबले तर दुसऱ्याच्या हालचालीने पुन्हा जागे होते.

उल्वा कोकणच्या खडकांवरही उगवते. तिचे पोपटी पान अवघ्या दोन पेशींच्या जाडीचे असते. सूर्यप्रकाशाच्या योगे ती आपले अन्न आपणच करिते. परंतु तिच्या अंगावरील काही सूक्ष्म जंतु काढून टाकिले, तर तिला पानाचा आकार येत नाही. पेशींचा ओबडधोबड पुंजका तेवढा होतो. आणि प्रौढ हिरवे कासव समुद्री गवतावर व अशाच शेवाळावर जगते. ज्या हिरव्या चरबीवरून त्यास नाव पडले, तिचा रंगही ह्या अन्नाचाच.

कोणी म्हणेल, मग हात पसरून बसावे काय? नव्हे. खड्ड्यातील प्रत्येक पिलू आपले पाय हालविते, म्हणूनच सर्व वर येतात. शिवाय पोषणासही मर्यादा पाहिजे. शेतातील खत व सांडपाणी समुद्रात फार वाहून आले म्हणजे हेच शेवाळ अतोनात माजते. २००८ साली चीनमधील छिंगदाओचा किनारा उल्वेच्या एका जातीने झाकून टाकिला, व तो मोकळा करण्यास हजारो माणसे लागली.

यास्तव, वाचकहो, साह्य घेणारा हलका नव्हे, व न घेणारा कोणी आम्हांस दिसत नाही. जो वर आला त्याने आपल्या पायांखालची वाळू कोणी तुडविली हे आठवावे, आणि अजून खाली असलेल्यांसाठी आपले पाय हालवीत राहावे. साह्य घेतल्याची लाज नको. ते विसरल्याची मात्र असावी.