भात्यावरचा हात

मदत घेणे हा गुन्हा कधी ठरतो? परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण करणाऱ्या आम्हा शिक्षकांना याचे उत्तर पाठ असते. पण १९१३ सालचा एक किस्सा वाचला की ते पाठांतर डळमळू लागते.

फ्रान्समधील 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत संपादक ऑन्री देग्रांज यांच्या 'लोतो' या वृत्तपत्राने १९०३ मध्ये सुरू केली, खप वाढावा म्हणून. १९१० मध्ये ती पिरेनीजच्या उंच घाटांत शिरली. रस्ते कच्चे, टप्पे तीनतीनशे किलोमीटरचे, आणि सायकल मोडली तर स्वाराने ती एकट्यानेच दुरुस्त करायची.

१९१३ मध्ये २,११५ मीटर उंचीच्या तुरमाले घाटातून उतरताना युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून अधिक चालला, तेव्हा कुठे लोहाराची भट्टी सापडली. क्रिस्तोफ मुळात कुलपे बनवणारा कारागीर. लोखंड त्यानेच तापवले, त्यानेच ठोकले. अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. पण दोन हातांनी लोखंड धरायचे की भाता ओढायचा? भाता एका पोराने ओढला. त्याबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला, नंतर तो तीनवर आला.

भट्टी दुसऱ्याची, ऐरण दुसऱ्याची, त्याला हरकत नाही. सायकल प्यूजो कंपनीची, तीही चालली. चालला नाही तो फक्त पोराचा हात!

तरीही देग्रांजला जालीम म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. शर्यतीत कंपनीच्या पाठबळाविना उतरलेले स्वारही होते. मोठ्या संघांना वळणावळणावर मदतनीस ठेवू दिले असते, तर या गरिबांचे काय झाले असते? उसूल त्यांच्या बाजूचा होता. इन्साफ चुकला तो मोजमापात. कोणाचा हात लागला एवढेच नियमाने पाहिले, त्या हाताने दुसऱ्याचे काय हिरावले ते पाहिले नाही. कॉपी पुरवणारा हात शेजारच्या मुलाचा हक्क खातो. हात मोडलेल्या मुलाला लेखनिक दिला तर कोणाचे काय जाते? क्रिस्तोफचे जवळपास चार तास तर आधीच गेले होते.

दुरुस्ती करून तो पुढचे आस्पँ आणि पेरसूर्द हे घाट चढला, पॅरिसला सातवा आला. १९१९ मध्ये पहिल्या स्थानावर असताना त्याचा चिमटा पुन्हा तुटला, पुन्हा त्यानेच जोडला, विजय मात्र गेला. त्या वेळी त्याच 'लोतो'ने वाचकांकडून त्याच्यासाठी वर्गणी गोळा केली.