वीस अँपिअरचा फ्यूज

गेल्या चवथीला गावी गेलो, तेव्हा बाबांच्या मोटरसायकलचा फ्यूज सारखा उडत होता. गाडी जुनी, शंभर सीसीची. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट सगळं बंद. पण किक मारली की इंजिन सुरू व्हायचं आणि हेडलाइटही लागायचा, कारण या गाडीत ते दोन्ही बॅटरीवर चालत नाहीत. त्यामुळे बाबांच्या लेखी बिघाड असा नव्हताच. "गाडी चलता मां? मगे कित्याक खोलतस?"

बाबांची देवबागात छोटी खानावळ आहे. रोज पहाटे ते मासे आणायला मालवण बंदरावर जातात. अंधार, अरुंद रस्ता, मागून येणाऱ्या गाड्या आणि ब्रेक लाइट नाही. मला ते पटेना. मी १० अँपिअरचा नवा फ्यूज घातला. तासाभरात उडाला. दुसरा घातला, तोही गेला. संध्याकाळी माझी पुण्याची बस होती. दुकानात १० चे संपले होते, २० चा होता. तो बसवला आणि सगळं सुरू झालं. आई कौतुकाने म्हणाली, इंजिनियर झाल्याचा काहीतरी उपयोग झाला. मी बस पकडली.

दिवाळीच्या आधी बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "काय नाय रे, वाटेत गाडीक जरासो वास इलो. मी बॅटरीची वायर काढून टाकलंय." टाकीखालची वायर वितळली होती. म्हणजे पेट्रोलच्या टाकीखालची.

फ्यूज म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेली तार. जास्त करंट आला की ती आधी जळते आणि बाकीचं वायरिंग वाचतं. करंट दुप्पट झाला की त्याच वायरमध्ये उष्णता चौपट होते. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. तरीही मी काय केलं? सावध करणाऱ्याचं तोंड बंद केलं. ऑफिसात कोणी एरर गिळून टाकणारा कोड लिहिला, तर रिव्ह्यूमध्ये मीच त्याला झापतो.

दिवाळीत चार दिवस हातात होते. बाबांनी अंगणात गोणपाट अंथरून दिलं. मला वायरिंगचा अनुभव शून्य, म्हणून सोपी पद्धत धरली. फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा जुना बल्ब जोडला. कुठे शॉर्ट असेल, तर फ्यूज उडण्याऐवजी बल्ब लख्ख पेटणार. मग एकेक कनेक्टर सोडवत गेलो. हॉर्न काढला, फरक नाही. इंडिकेटर काढले, फरक नाही. बल्ब विझलेलाच. म्हणजे तेव्हा शॉर्टच नव्हता! वैतागून गाडी बाजूला घ्यायला हँडल उजवीकडे वळवलं आणि बल्ब पेटला.

हँडलच्या गळ्याशी वायर वर्षानुवर्षं घासून सोलली गेली होती. देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी; खारा वारा दोन्हीकडून. उघड्या तांब्यावर हिरवट थर चढला होता, त्यामुळे ते चासीला धड चिकटत नव्हतं आणि धड सुटतही नव्हतं. १० चा उडेल पण २० चा टिकेल, एवढाच करंट तिथून गळत होता. खराब तुकडे कापले, तेवढ्याच जाडीची वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, हँडल वळेल इतका ढील ठेवला. फ्यूज पुन्हा १० चा. दोन दिवस गेले.

मग माझी चूक नेमकी कोणती? आधी वाटलं, कारण न शोधता जुगाड केला ही. पण त्यावर बाबांचं उत्तर तयार असतं. पहाटे पाचला बंदरावर पोचायचं असेल, तर माणूस आधी गाडी चालू करतो, कारण नंतर शोधतो. भर समुद्रात इंजिन बंद पडलं, तर दोरीने बांधून होडी किनाऱ्याला आणावीच लागते. सगळं समजून घेऊन मगच हात लावायचा, ही चैन सुट्टीवर आलेल्या माणसाची.

फरक एवढाच, की होडीवरच्या सगळ्यांना ती दोरी दिसत असते. किनाऱ्याला लागल्यावर ती सोडायची आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझी दोरी सीटखाली लपलेली होती. दुरुस्ती मी केली, कौतुक मी घेतलं आणि धोका बाबांच्या मांडीखाली ठेवून निघून गेलो. गाडी माझी असती, तर तो मीच पत्करलेला धोका ठरला असता. दुसऱ्याच्या वाट्याचा धोका त्याला न विचारता ठरवायचा, हा हक्क मला कोणी दिला? "हे तात्पुरतं आहे, वास आला तर थांबा" एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर हिरो झालो नसतो.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते मासे साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "तेवाच माका सांगलं असतंस, तर बरा झाला असता." बस, एवढंच.

निघताना सीटखाली एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला. त्यावर लिहिलं: फ्यूज १० चाच. उडाला तर गळ्याजवळची वायर बघा. जोड माझा आहे, चुकला असू शकतो. खाली माझा नंबर.