मेजाखालचा चुरा आणि आमची लवंगी



आज सामान्य काळातील विसावा रविवार. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील जो उतारा आज वेदीवरून वाचला जातो, तो आम्हां धर्मगुरूंना दर तीन वर्षांनी अडचणीत टाकतो. एक कनानी स्त्री भुताने पछाडलेल्या आपल्या मुलीसाठी प्रभूच्या मागे आक्रोश करीत येते. शिष्यांना त्या आरड्याओरड्याचा कंटाळा येतो, तिला एकदाची वाटेला लावा असा त्यांचा आग्रह असतो. आणि प्रभू येशू तिला मुलांची भाकर कुत्र्यांना देण्याविषयी जे बोलतो, ते ऐकताना समोरच्या बाकांवरचे चेहरे आम्ही पाहिले आहेत. आमचा दयाळू प्रभू असे कसे बोलला, हा प्रश्न त्या चेहऱ्यांवर असतो.

यंदा आमची अडचण दुप्पट आहे. गेल्या वर्षी जवळजवळ हाच प्रश्न एका आईने आमच्या ओट्यावर उभे राहून आम्हांला विचारला होता. “फादर, आमच्या पोरांपेक्षा तुम्हांला कुत्री मोठी झाली का?” तिच्या दहा वर्षांच्या मुलाच्या, आपल्या एका वेदीसेवकाच्या, हाताला आमच्या लवंगीने कडकडून चावा घेतला होता. ही गोष्ट धर्मग्रामात सर्वांना ठाऊक आहे, पण प्रत्येकाला वेगवेगळी ठाऊक आहे. म्हणून त्या आईच्या परवानगीने आज ती नीट सांगत आहोत.

गेल्या वर्षी जुलैत, ऐन पावसात, सकाळची मिस्सा आटोपून आम्ही दोघे धर्मगुरू दफनभूमीकडे गेलो असता फाटकाला एक कुत्री बांधलेली दिसली. पांढरी-तपकिरी, पॉमेरेनियनसारखी, सहा किलोची. नायलॉनची दोरी गळ्यात इतकी रुतली होती की केसांखाली जखम चिघळली होती. कोणी बांधले, याचा आम्ही शोध केला नाही. भाड्याचे घर सोडताना, आजारपणात किंवा घरात बाळ आले की अशी कुत्री रस्त्यावर येतात. प्राण्याला अन्नपाण्यावाचून तडफडण्यासाठी सोडून देणे हा आपल्या देशात १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, एवढे मात्र येथे नोंदवून ठेवतो.

दोरी कापायला गेलेल्या आमच्या सहायक फादरांना ती पहिल्याच मिनिटाला चावली. दोन दिवसांनी घंटा वाजवणाऱ्या काकांच्या धोतराला लोंबकळली. धर्मशिक्षणाच्या मुलांनी तिचे नाव लवंगी ठेवले. मिरचीतली लवंगी, की फटाक्यातली, यावर त्यांच्यात अजून एकमत नाही.

डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी तिचे तोंड बांधून तपासणी केली. वय सहा-सात वर्षे, दोन दाढा किडलेल्या, कानात जुना संसर्ग. रेबीजची लस दिली, दाढा काढल्या, जखम भरल्यावर वंध्यीकरणाची शस्त्रक्रियाही झाली. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट आम्ही विसरलो नाही. ते म्हणाले, चावऱ्या कुत्र्याचा स्वभाव पाहण्याआधी त्याला दुखते कुठे ते पाहावे. जिथे कायम ठणका आहे तिथे हात गेला की कोणीही चावेल. आणि लहान कुत्र्याच्या नशिबी आणखी एक भोग असतो. मोठ्या कुत्र्याने दात दाखवले की माणूस दोन पावले मागे होतो. लहान कुत्र्याने दाखवले की माणूस हसतो आणि त्याला उचलून घेतो. बिचारे गुरगुरून सांगते, ते कोणी मनावर घेत नाही, मग ते चावते. आणि चावले की सुटका होते, हे मात्र पक्के शिकते.

हे सर्व ऐकून आम्ही मान डोलावली आणि घरी येऊन नेमक्या उलट चुका केल्या. आम्हांला वाटले, आपण तिला मरणातून वाचवले आहे, तेव्हा आठ-पंधरा दिवसांत ती शेपूट हलवीत मागे फिरू लागेल. खरे सांगायचे तर आम्हांला आभार हवे होते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी भात-कोंबडी कालवून ठेवावी, तिने आमच्याकडे रोखून पाहत गुरगुरावे आणि आम्ही पाठ केल्याशिवाय घास घेऊ नये. तीन महिने असेच चालले. उपकाराची जाणीव नसलेले जनावर, असे आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघूनही गेले.

ऑक्टोबरमध्ये, जपमाळेच्या महिन्यात, मागच्या अंगणाचे फाटक आम्ही उघडे ठेवले. चूक आमची, दुसऱ्या कोणाची नाही. मुलगा चेंडू आणायला आत गेला. चेंडू तिच्या खाण्याच्या ताटलीशेजारी पडला होता. त्याने हात घातला, ती गुरगुरली, तो हसला.

मावशींनी त्याचा हात नळाच्या धारेखाली धरून पंधरा मिनिटे साबणाने धुतला. हे सर्वांनी लक्षात ठेवावे. हळद, चुना, मिरचीपूड असले काही जखमेत भरू नये, टाके घालण्याची घाई करू नये, आधी धुवावे आणि मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्रे घरचे असो, लस टोचलेले असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गप्प बसू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मुलाला लशीचे सर्व डोस मिळाले. लवंगीला दहा दिवस नजरेखाली ठेवले. तिला काही झाले नाही. मुलाच्या अंगठ्याजवळ दोन वण राहिले आहेत.

त्याच संध्याकाळी आम्ही लवंगीला मारले. गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने, आणि ते फाटल्यावर चपलेने. आम्हां दोघांपैकी कोणी मारले हे सांगून उपयोग नाही. एक मारीत होता तेव्हा दुसरा पाहत उभा होता आणि त्याने हात धरला नाही. मग दोघांनी मिळून रात्रीची प्रार्थना म्हटली.

दुसऱ्या दिवसापासून लवंगीने गुरगुरणे सोडले. सहायक फादर म्हणाले, चला, सुधारली. डॉक्टरांना फोनवर सांगितले तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, “फादर, गुरगुरणे ही तिची घंटा होती. तुम्ही घंटा काढून टाकली. आता ती न सांगता चावेल.” तसेच झाले. त्याच आठवड्यात ती मावशींच्या पायाला चावली, आणि आधी आवाज म्हणून आला नाही.

बंधुभगिनींनो, त्या दिवसापासून घरभेटीला गेलो की आम्ही एक गोष्ट पाहू लागलो आहोत. पूर्वी एखाद्या घरात मुलगा बापाशी तावातावाने बोलला, सून सासूला उलट उत्तर देऊन बसली, की आम्ही समजुतीचे चार शब्द सांगत असू. आता ज्या घरात कोणीच गुरगुरत नाही, जिथे बाप बोलू लागला की मुले ताटात पाहतात, तिथे आम्हांला अधिक काळजी वाटते. हे थोडे विषयांतर झाले. पण ज्यांना लागू असेल त्यांनी कुमसारासाठी बाक मोकळे आहे असे समजावे. आम्हीही त्याच आठवड्यात शेजारच्या धर्मग्रामात जाऊन कुमसार केले.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. तिच्या प्रश्नात राग होता तसा न्यायही होता, आणि ख्रिस्तसभेची शिकवणही तिच्याच बाजूची आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. पण माणसांचे दुःख हलके करण्यासाठी जो पैसा आधी जायला हवा तो प्राण्यांवर उधळू नये, आणि माणसाच्या वाट्याचे प्रेम प्राण्याला देऊ नये, हेही तो तिथेच सांगतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात साऱ्या सृष्टीकडे आपुलकीने पाहायला शिकवले, आणि त्याच पोपमहोदयांनी जानेवारी २०२२ मध्ये मुलांऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांना चार खडे बोलही सुनावले. तेव्हा लवंगीच्या औषधांचा खर्च आम्ही दानपेटीतून किंवा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या निधीतून केलेला नाही. आमच्या खिशातून केला आहे. हिशेब पाहायचा असेल त्याने खुशाल पाहावा.

त्या आईची आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. मुलाचीही मागितली. तिने पाणी दिले, पण बसा म्हटले नाही.

मग पास्टोरल कौन्सिलची बैठक झाली. काहींचे मत पडले की कुत्री खाडीपलीकडे नेऊन सोडावी. हे म्हणणारी माणसे निर्दय नव्हेत. त्यांच्याही घरी नातवंडे आहेत. पण खाडीपलीकडेही कुणाची तरी मुले राहतात, आणि चावणाऱ्या कुत्रीला आपल्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत ढकलणे याला उपाय म्हणता येत नाही. शेवटी ठरले ते असे: मागच्या अंगणाला जाळी, फाटकाला आपोआप लागणारी कडी, भिंतीवर पाटी, बाहेर नेताना तोंडाला जाळीची टोपी, आणि जबाबदारी पूर्णपणे आमची. पुन्हा कोणाला इजा झाली तर निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने, भावनेने नाही. या शेवटच्या अटीवर आम्हीही सही केली आहे.

आजच्या शुभवर्तमानाचा अभ्यास करताना आम्हांला एक गोष्ट नव्याने भिडली. मूळ ग्रीक मजकुरात या ठिकाणी कुत्र्यासाठी नेहमीचा शब्द नाही. गरीब लाजराचे फोड चाटणाऱ्या कुत्र्यांसाठी लूक जो शब्द वापरतो तो वेगळा. येथे मत्तय ‘कुनारिया’ म्हणतो, म्हणजे लहानगी कुत्री, घरात मेजाभोवती वावरणारी. त्या स्त्रीने तोच शब्द पकडला आणि मेजाखालच्या चुऱ्याची आठवण प्रभूला करून दिली. ती स्त्री माणूस आहे आणि लवंगी कुत्री आहे. दोघींची बरोबरी करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण त्या स्त्रीला ठाऊक होते की मेजावरच्या मुलांचे काही कमी न करता खाली चुरा पडतोच. मुले की कुत्री, असा प्रश्न आम्ही आमच्या निष्काळजीपणाने त्या आईपुढे उभा केला. फाटकाला कडी असती तर तो उभाच राहिला नसता.

आणि एक. खालच्या कुत्र्याने शहाण्यासारखे वागावे, आभार मानावेत, मगच चुरा पडेल, अशी अट त्या मेजावर दिसत नाही. तोबीतच्या पुस्तकातही असेच एक कुत्रे आहे. तोबिया आणि राफाएल देवदूत प्रवासाला निघतात तेव्हा ते बरोबर निघते, आणि परतताना मागून येते. त्याला नाव नाही. त्याने वाटेत काही केले, कोणाला वाचवले, असे कुठेही लिहिलेले नाही. फक्त बरोबर होते. आज १६ ऑगस्ट, संत रॉक यांचा दिवस. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता ते स्वतः आजारी पडले, रानात एकटे राहिले, आणि एका कुत्र्याने त्यांना रोज भाकरी आणून दिली, अशी परंपरा आहे. चित्रांत ते कुत्रे तोंडात भाकरी धरून उभे असते. लवंगीकडून अशा सेवेची आशा आम्ही सोडून दिली आहे. ती आपली भाकरी कोणाला देईल असे वाटत नाही.

आता आम्ही काय करतो? ताटली ठेवतो आणि बाजूला होतो. ताटली उचलायची असेल तर आधी दूर कोंबडीचा तुकडा टाकतो. तिच्या डोळ्यांत रोखून पाहत नाही. तिच्यावर वाकत नाही, जमिनीवर पाठमोरे बसतो. ज्या दिवशी ती पुन्हा गुरगुरली, त्या दिवशी मावशींनी आम्हांला हाक मारून बोलावले, आणि आम्ही दोघे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते गुरगुरणे ऐकत राहिलो. तेव्हा जानेवारी संपत आला होता. मारल्याला तीन महिने झाले होते. गळ्याला मात्र तिने अजून कोणाला हात लावू दिलेला नाही, आणि आम्ही तो लावायला जात नाही.

तो मुलगा रविवारी मिस्सा झाल्यावर जाळीबाहेर येऊन बसतो, पाठमोरा. खांद्यावरून मागे बिस्कीट टाकतो. ती ते खाते की नाही हे त्याने वळून पाहायचे नाही, असा त्याचा स्वतःचाच नियम आहे. त्याची आई फाटकापाशी उभी असते. अजून आत आलेली नाही.

यंदा जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या रात्री, विजा कडाडू लागल्या आणि दिवे गेले. आम्ही मेणबत्ती लावून जेवत होतो. मावशींनी अंगणाचे दार लावून घ्यायच्या आत लवंगी थरथरत आत आली आणि मेजाखाली शिरली. सहायक फादरांनी नकळत पाय वर घेतले, मग हळूच खाली ठेवले. भाकरी मोडताना थोडा चुरा खाली पडला, थोडा आम्ही पाडला. कुणी बोलले नाही. थोड्या वेळाने पायाला काहीतरी ओले लागले. तिचे नाक होते, की कौलांतून गळणारे पाणी, ते सांगता येणार नाही. आम्ही खाली पाहिले नाही.