चाल लौकिक की पारमार्थिक?

संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ हे इलेक्ट्रॉनिक ठेक्यावरचे आनंदी प्रेमगीत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी गाणी गावोगाव पोचली की एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: चाल मुळातच लौकिक असते, की शब्द तिला तसे करतात? कोकणातील लांजा परिसरातील जाखडी हे लोकनृत्य याचे उत्तर नाचून देते. जाखडीतील शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात दोन पक्ष असतात: शक्तीवाले प्रकृतीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. सवाल-जवाब गहन असतात. तरी मृदंग, झांज आणि घुंगरांच्या साथीने शाहीर चित्रपटगीतांच्या चालीही मोकळेपणाने घेतात. प्रणयासाठी बांधलेली चाल गणेशस्तवनालाही शोभते, हे या परंपरेचे मोठेच औदार्य. चाल म्हणजे नाद, आणि सांख्यमतानुसार नाद प्रकृतीचा; पुरुष, म्हणजे चैतन्य, केवळ साक्षी. शक्तीवाल्यांना हे मत सोयीचे आहे. प्रकृती हलल्याविना साक्षी तरी कशाचा, असा प्रतिप्रश्न त्यातून निघतो.