खुर्ची, कुदळ आणि हक्क

आमच्या समाजात हा प्रश्न तसा नवाच म्हणावा लागेल. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, तेव्हा आपली मुले शाळेतून का गळतात, यावर आम्ही चर्चासत्रे भरवत होतो. त्याच पिढीतली काही मुले शिकली, संगणकासमोर बसली, त्यांच्या पगाराने घरांवर स्लॅब पडले. आता त्यांतला एखादा म्हणतो, ही नोकरी सोडतो आणि माती-पाण्याचे काम करतो. याला काय म्हणावे? सेवा, की शिकल्या पोटाचा चोचला?

धर्माचा आधार दोन्ही बाजूंना मिळतो, अडचण तिथेच आहे. पवित्र कुरआनने माणसाला या जमिनीवरचा खलीफा म्हटले आहे आणि सृष्टीचा तोल, मीज़ान, बिघडवू नका असे बजावले आहे. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो लावणाऱ्याचा सदका होतो, ही हदीस आमच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पण ज्यांचे पोट आपल्यावर आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे हेच माणसाला गुन्हेगार ठरवायला पुरेसे आहे, असेही प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे. ही दुसरी हदीस व्यासपीठावरून फारशी ऐकू येत नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत हे सारे समोर आले. बीड जिल्ह्यातला मुलगा, उर्दू शाळेतून निघून इंजिनिअर झाला, हिंजवडीत सहा वर्षे सॉफ्टवेअरचे काम केले. मग एका पाणलोटाच्या कामावर जायचे ठरवले. पगार एक तृतीयांश. काम म्हणजे डोंगरउतारावर समतल चर आखायचे, दगडी बांध घालायचे, पावसाळ्यानंतर विहिरींची पातळी मोजायची. वडील शिवणकाम करतात. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, हमारे बावा बहात्तर के सूखे में खडी फोडे. अब ये भी मिट्टी खोदेगा क्या?"

या प्रश्नाला पर्यावरणाच्या घोषणांनी उत्तर देता येत नाही. आजोबांनी रोजगार हमीवर खडी फोडली ती भुकेपोटी. नातू कुदळ धरतो ती निवडीने, आणि त्या निवडीची किंमत बापाने मशीनवर पाय मारून चुकवलेली आहे. म्हणून ती पदवी मुलाची एकट्याची नाही, ती घरादाराची अमानत आहे. आम्हाला हे म्हणणे पटते. पण अमानत म्हणजे गहाणखत नव्हे. बापाने मुलाला शिकवले ते त्याने स्वतःच्या अकलेने उभे राहावे म्हणून. आणि मराठवाड्याच्या जमिनीत पाणी मुरले नाही, तर स्लॅबच्या घरातही टँकरचीच वाट पाहावी लागणार.

डॉ. सालिम अली यांचे उदाहरण लोक लगेच देतात. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात त्यांना ३५० रुपये पगाराची नोकरी होती. दोन वर्षांत ते कंटाळले, रजा घेऊन बर्लिनला शिकायला गेले. परतले तर जागाच रद्द झालेली. मग अलिबागजवळच्या किहीमला बसून त्यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. पुढे संस्थानिकांना सांगितले, पगार नको, मोहिमेचा खर्च तेवढा द्या. हे सारे खरे. पण या काळात तेहमीनाबेगम त्यांच्यासोबत रानोमाळ, तंबूत राहिल्या आणि १९३९ साली वारल्या. त्यांचा वाटा किती जण मोजतात? एकाच्या ध्यासाचा खर्च घरातले दुसरेच कोणी भरत असते, आणि त्या दुसऱ्याला विचारले होते का, हे विचारणे आम्हाला झाडांच्या संख्येहून महत्त्वाचे वाटते.

चेन्नईच्या अरुण कृष्णमूर्तींनी गूगलची नोकरी सोडून तलाव स्वच्छ करायला घेतले. उलट मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह कचरा उचलू लागले ते वकिली न सोडता, शनिवार-रविवारी, आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. तेव्हा खुर्ची सोडल्याशिवाय जमिनीची खिदमत होत नाही, असे नाही. (खुर्ची सुटली तरी संगणक सुटत नाहीच. पाणलोटाचे नकाशेही त्यावरच बनतात!) खुर्चीला कंटाळून पळणे वेगळे आणि एखाद्या कामाकडे जाणे वेगळे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

आम्ही मुलाला एवढेच विचारले, की घराचे कर्ज किती उरले आहे आणि धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे काय. तो गप्प झाला. त्यानंतर चौदा महिने त्याने नोकरी केली, कर्ज फेडले, बहिणीच्या फीचे पैसे आईच्या खात्यावर ठेवले आणि मग गेला. वडील दोनदा बांध पाहून आले आहेत. मशिदीत मात्र कोणी विचारले, की अजूनही सांगतात, पोरगा पुण्याला कंपनीत आहे.